गिधाडांच्या मूत्रपिंडातलं औषध

महोदय,
मी निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. आपल्याकडे आणि शेजारी देशांत गिधाडं झपाट्याने का मेली, हे शवविच्छेदनातून उलगडलं. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांच्या यकृतावर खडूसारखा पांढरा थर होता, म्हणजे मूत्रपिंड निकामी झालं की साचणारं युरिक आम्ल. विषाणू, कीटकनाशकं, जड धातू तपासून हाती काही लागेना. शेवटी मूत्रपिंडात डायक्लोफिनॅक हे गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक सापडलं; औषध दिलेली गुरं मेली की गिधाडं ती खात. हे २००४ साली प्रसिद्ध झालं, आपल्याकडे २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. पण ॲसिक्लोफिनॅक या दुसऱ्या वेदनाशामकाचं गाईच्या अंगात डायक्लोफिनॅकच होतं. ते बंद व्हायला २०२३ उजाडलं! पशुपालकांनी दुकानात मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना सुरक्षित वेदनाशामकच मागावं. आणि सरकारने मेलेल्या गुरांच्या यकृताचे नमुने या औषधांसाठी नियमित तपासावेत, नुसतं औषध दुकानांचं दप्तर चाळून काय कळणार?

– एक वाचक, म्हसळा (रायगड)