म्हापशाच्या गॅरेजवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेले की तुम्ही "बरें, बरें" म्हणत पाना उचलता आणि दुसऱ्याच गाडीकडे वळता. फोनवर तर तेवढंही बोलू देत नाही. म्हणून चार लोकांसमोर लिहितेय. मलेशियाहून येऊन बरेच दिवस झाले, पण सेपांगच्या रेसट्रॅकवर गाडी चालवली तो दिवस आठवला की अजून घसा दाटून येतो. आणि तो कोणामुळे, हे आपल्याकडच्या गाडीवाल्यांना कळायला हवं.

आधी जे सलतंय ते सांगून टाकते. तुमच्या आधी मी दुसऱ्याच एका ग्रुपबरोबर जाणार होते. ॲडव्हान्स भरला, घरी सांगून झालं, फार्मसीतून रजा मिळाली, आणि अगदी निघायच्या तोंडावर मेसेज आला, "ताई, तुमचं व्हिसाचं अडलंय." मलेशियात फिरायला जाणाऱ्या भारतीयांना डिसेंबर 2023 पासून व्हिसाच लागत नाही! थाप मारण्याआधी एवढं तरी बघायचं. बाकीचे सगळे गेले, फोटोही टाकले. नंतर कानावर आलं की बाई बरोबर असली की सगळ्यांना हळू चालवावं लागतं, असं तिथे ठरलं होतं. ॲडव्हान्स आजतागायत परत आलेला नाही, पण त्याहून ते वाक्य जास्त लागलं. माझे बाबा म्हापशात पायलट होते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे मोटारसायकलची टॅक्सी चालते, गाडीचं पुढचं मडगार्ड पिवळं असतं आणि चालवणाऱ्याला पायलट म्हणतात. त्या गाडीवर मी शिकले. त्यांनी मला "तू मागे बस" असं कधी म्हटलं नाही.

तुम्ही मला फक्त एवढंच विचारलंत, "बुटांचा नंबर किती?" कारण लेदरचा सूट तिथे भाड्याने मिळतो, बूट मापाचे मिळतीलच असं नाही. येशील का, जमेल का, घरचे काय म्हणतील, यातलं काही नाही.

सेपांगचा ट्रॅक मी टीव्हीवर कितीदा पाहिला होता. 5.543 किलोमीटरची एक फेरी, 15 वळणं, 1999 पासून मोटारसायकलच्या ग्रां प्रीचे बिनीचे रायडर जिथे धावतात तो. प्रत्यक्ष उतरल्यावर वेगळंच. चोर्ला घाटात आपण वळणापलीकडे गाय असेल, खडी असेल, ट्रक चुकीच्या बाजूने येत असेल हे धरूनच चालवतो. हात त्या भीतीनेच घडलेले असतात. सेपांगला समोरून कोणी येत नाही, रस्ता एवढा रुंद की नेमकं कुठून जायचं हेच कळत नाही. मुख्य स्टँडसमोरची लांबलचक सरळ संपते आणि उजवीकडचं पहिलं वळण आत आत आवळत जातं, त्यातून बाहेर पडायच्या आत डावीकडचं दुसरं. मोठ्या गाड्या दोन्ही बाजूंनी सुसाट निघून जात होत्या. माझी भाड्याची यामाहा आर थ्री, आणि माझी नजर सारखी वेगाच्या आकड्यावर. संध्याकाळी सगळे आकडे मोजणार, कोणाचा किती, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

सेशन संपवून पिटमध्ये, ट्रॅकला लागून गाड्या थांबतात तिथे, आले तर तुम्ही भिंतीजवळ उभे होतात. तुमचं सेशन पुढचंच, सूट अर्धा अंगावर, बाह्या कमरेला बांधलेल्या. काही बोलला नाहीत. खिशातून काळ्या इन्सुलेशन टेपचं रीळ काढलंत, दातांनी एक तुकडा तोडलात आणि गाडीच्या डिस्प्लेवर जिथे वेगाचा आकडा येतो, बरोबर तेवढ्याच जागेवर चिकटवलात. अंगठ्याने कडा दाबून बसवल्यात. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारी आरपीएमची पट्टी उघडी ठेवलीत, गिअर बदलायचा दिवाही उघडा ठेवलात. मग म्हणालात, "बाय, आता समोर पळय (बघ). बाकीचं इंजिन सांगतं."

तुम्ही ते भिंतीवरून हेरलं होतं. सरळीवर माझं हेल्मेट सारखं खाली जातंय, हे शंभर रायडरांच्या गर्दीत तुम्हाला दिसलं.

आजवर मला गाडीबद्दल सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने सुरुवात "घाबरू नका ताई" अशी केली. मी घाबरलेली नव्हतेच. मला फक्त कोणी तरी नीट बघायला हवं होतं, आणि काय आड येतंय ते बाजूला करायला हवं होतं. तुम्ही ते चिमूटभर टेपने केलंत. पुढच्या सेशनला मान वर राहिली. ब्रेकच्या अंतराच्या पाट्या दिसू लागल्या, वळणाचा आतला कर्ब दिसला, त्याच्याही पलीकडे बाहेर पडायची जागा दिसली. गिअर आवाजावर पडायला लागले. नवव्या वळणाला, त्या चढावरच्या डाव्या हेअरपिनला, पहिल्यांदाच गुडघ्याचा स्लायडर, सुटावरची ती प्लास्टिकची चकती, रस्त्याला घासला आणि मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसले. किती वेगात होते? माहीत नाही, आणि माहीत नाही याचाच आनंद.

दुपारी आभाळ फुटलं तेव्हा लाल झेंडा दाखवून सगळ्यांना आत घेतलं. पाऊस थांबल्यावर तुम्ही आमच्या हळूच्या ग्रुपमध्ये आलात आणि शेवटच्या फेरीला माझ्या पुढे राहिलात. अकराव्या वळणाला तुमचा हात क्षणभर छातीशी गेला. 2011 मध्ये इटलीचा रेसर मार्को सिमोनचेल्ली तिथे अपघातात गेला, हे मला ठाऊक होतं. मग तुम्ही प्रत्येक मार्शल पोस्टसमोर हात वर करत गेलात. ओलेचिंब होऊन दिवसभर झेंडे धरून उभी असलेली ती माणसं, त्यांना नाव नाही, फोटोत जागा नाही. त्यांनीही हात वर केले. तुमच्या मागून मीही केला. गाडी चालवण्याचं कौशल्य पुष्कळांकडे असतं. आपल्यासाठी कोण उन्हापावसात उभं आहे हे लक्षात ठेवणारी माणसं फार थोडी, आणि त्यांच्याबरोबर एक दिवस काढायला मिळाला की माणूस जरा बरा होऊन परत येतो. मी आले.

संध्याकाळी जेवताना लॅप टायमिंगची चर्चा निघालीच. माझ्यावर पाळी आली तेव्हा तुम्ही मध्येच म्हणालात, "ती नवव्या वळणाला बरी जात होती," आणि भात पुढे सरकवलात. तेवढं पुरलं.

बाबा आता असते तर तुम्हाला घरी जेवायला बोलावल्याशिवाय राहिले नसते. त्यांच्या वतीने मी बोलावते. चतुर्थीला डिचोलीला या, वहिनींनाही आणा, सबब चालणार नाही.

आणि एक काम. आमच्याकडच्या दोन मुलींना पुढच्या खेपेला यायचंय. एकीकडे अपाचे आहे, दुसरी भावाची केटीएम चालवते. दोघींनाही त्या आधीच्या ग्रुपने नाही म्हटलंय. त्यांना मी तुमच्या गॅरेजचा पत्ता दिलाय. शनिवारी येतील, बुटांचे नंबर लिहून आणायला सांगितलेत.

तुमची,
डिचोलीची बाय