आई, तो पेपर स्प्रे बॅगेतून काढ

ती. आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार (आजोबांच्या स्टाइलने, म्हणजे बाबा खूश). फोनवर सांगायला गेलं की आई मध्येच "जेवलीस का" विचारते आणि मुद्दा राहून जातो, म्हणून एकदाचं टाइप करूनच पाठवतेय. दोघांनी एकत्र वाचा, बाबांनी आधी वाचून आईला गाळून सांगायचं नाही.

पहिलं घाईचं. खालच्या काकूंचा मुलगा शुक्रवारी निघतोय ना, त्याच्याबरोबर द्यायच्या पिशवीत आईने भाजणीच्या पुड्यात पेपर स्प्रे लपवलाय असं दादा म्हणाला. आई, प्लीज काढ तो. इंग्लंडमध्ये पेपर स्प्रे जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे, १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टमध्ये त्याला बंदुकीच्या पंगतीत बसवलंय. आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळतो म्हणून तुला काही वाटत नाही, पण इथे तो बिचारा हीथ्रोला अडकेल आणि काकू आपल्याशी जन्मभर बोलणार नाहीत. आणि पेढे, तूपही नको, दुधाचं बाहेरून आणू देत नाहीत. बाकरवडी चालेल, भरपूर चालेल.

स्प्रेऐवजी माझ्याकडे एक अलार्म आहे, किल्लीच्या जुडग्याला लावायचा, पिन ओढली की असा किंचाळतो की काय सांगू. युनिव्हर्सिटीत फुकट वाटत होते. परवा लायब्ररीत बॅगेतून वही काढताना पिन निघाली आणि तीन मजल्यांवरची पोरं उठून उभी राहिली, मला तो बंदच करता येईना, शेवटी जॅकेटमध्ये गुंडाळून जिन्याने खाली पळाले. म्हणजे वाजतो चांगला, एवढं टेस्ट झालं.

आता जे सांगायचंय ते. माझा फोन बेसिनमध्ये पडला नव्हता. ऑक्टोबरमध्ये स्टेशनबाहेर, संध्याकाळी साडेसहाला, उजेड होता बरं का, मी फुटपाथच्या कडेला उभी राहून मॅप बघत होते आणि मागून इलेक्ट्रिक सायकलवर एक जण आला आणि हातातून फोन काढून घेऊन गेला. ओढला पण नाही, नुसता उचलला, ताटातली पोळी उचलावी तसा. मला काही लागलं नाही. हाताला साधा ओरखडासुद्धा नाही. पण मी तिथे दहा मिनिटं तसाच हात पुढे धरून उभी होते आणि एका बाईंनी येऊन विचारलं तेव्हा मला रडू आलं.

तुम्हाला मैत्रिणीच्या फोनवरून सांगितलं की पाण्यात पडला. आई म्हणाली तांदळात ठेव. मी म्हटलं ठेवलाय. दोन दिवस आई विचारत होती सुकला का आणि मी नसलेल्या फोनचे अपडेट देत होते. बाबा, तुमच्याकडे खोक्याचा फोटो मागितला होता ना, वॉरंटीसाठी म्हणून, तो खरं म्हणजे आयएमईआय नंबरसाठी (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर) होता, फोन ब्लॉक करायला तो लागतो आणि मी तो कुठे लिहूनच ठेवला नव्हता. पोलिसांत ऑनलाइन तक्रार दिली, तक्रारीचा नंबर मिळाला, फोन काही मिळाला नाही. (तुम्ही दोघंही आत्ताच *#०६# दाबा, येणारा नंबर कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. पुण्यातही फोन जातात.)

का नाही सांगितलं? कारण बाबा म्हणाले असते परत ये, आणि आई काहीच म्हणाली नसती पण झोपली नसती. मी रात्री अकराला कामावरून सुटते तेव्हा तुमच्याकडे पहाटेचे साडेचार असतात आणि आई उठून व्हॉट्सॲपवर माझा लाइव्ह लोकेशनचा ठिपका बघत बसते हे मला माहितीये. त्या दिवशी बॅटरी संपली आणि ठिपका अडकला तर चौदा मिस्ड कॉल. आई, मी बसमध्ये होते गं, खालच्या मजल्यावर, ड्रायव्हरच्या जवळ, तू सांगतेस तशीच.

आणि खरं सांगू, पुण्यात मी कमी घाबरले नव्हते. सेकंड इयरला नळस्टॉपपासून दोघं बाइकवरून मागे लागले होते, मी ॲक्टिवा सरळ एका मेडिकलसमोर लावली आणि ते जाईपर्यंत क्रोसिनचे भाव विचारत बसले. तेही घरी सांगितलं नव्हतं. इथे डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, गल्ल्या रिकाम्या असतात, त्याची भीती वाटते, नाही असं नाही. आपल्याकडे निदान कोपऱ्यावर चहावाला जागा असतो. पण ९९९, इथला पोलिसांना बोलवायचा इमर्जन्सी नंबर, पाठ आहे. आणि लपून बसलोय, बोलता येत नाहीये असं झालं तर मोबाइलवरून ९९९ लावून विचारल्यावर ५५ दाबायचं, म्हणजे त्यांना कळतं की चुकून लागलेला कॉल नाही. त्याने आपण कुठे आहोत ते कळत नाही हां, ते शक्य तसं सांगावंच लागतं. नोव्हेंबरात रूममेट्सनी मिळून प्रॅक्टिस केली, खरा कॉल न लावता.

आता तुमची पाळी. बाबा, दादाने मला सगळं सांगितलंय. त्याला ओरडू नका.

व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो, "तुमची मुलगी लंडनमध्ये ड्रग्जच्या केसमध्ये सापडलीये", मागे एका मुलीचा रडण्याचा आवाज, आणि तुम्ही आईला काही न सांगता पासबुक घेऊन बँकेत. काउंटरवरच्या मुलीने विचारलं नसतं तर चार लाख गेले होते. मला फोन का नाही लावला बाबा? त्यांनी कट करू नका म्हटलं म्हणून? मी तेव्हा लेक्चरमध्ये बसून जांभया देत होते! महिना झाला आणि तुम्ही रोज मला "इकडे सगळं ठीक" म्हणताय. मी फोन तांदळात ठेवला आणि तुम्ही हे. मुलगी कोणाची ते कळलं.

तर असा कॉल आला की कट करायचा. खरे पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि पैसे तर मागतच नाहीत. मग मला लावा, मी नाही उचलला तर रूममेटला, तिचा नंबर दादाकडे आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० लावायचा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. आणि रडणारा आवाज माझ्यासारखा वाटला तरी आधी एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर फक्त आपल्या चौघांना माहितीये. पर्वतीच्या पायऱ्या किती वगैरे नको बाबा, ते गूगलवर मिळतं. माझ्या डोक्यात एक आहे, मालवणच्या ट्रिपमधलं, आईला आठवेल आणि ती हसेल. इथे लिहीत नाही, रविवारी फोनवर ठरवू.

ठिपका चालू ठेवते, पण आई, अलार्म लावून उठायचं नाही. घरी पोचले की मेसेज टाकेन, तो सकाळी चहाबरोबर बघ.

आणि स्प्रे काढल्यावर पुड्यात जागा होईल, तिथे अजून अर्धा किलो भाजणी बसेल.

तुमची,
चिमी