रात्रीची मोटर

पुणे, रविवार

ती. आई आणि आप्पा,
सा. न.

फोनवरच बोलणार होते, पण आप्पा "माले काय व्हस!" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाच.

काल चोवीस तासांच्या बीपी मशीनचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे बसले होते. आप्पा, रात्री दंडावर फुगायचं म्हणून तुम्ही ज्याला शिव्या घातल्या, तेच मशीन. निरोगी माणसाचं बीपी झोपेत दिवसापेक्षा १० ते २० टक्क्यांनी उतरतं. तुमचं दिवसा सरासरी १३८ आणि रात्री १४१. म्हणजे खाटेवर पडलात तरी जीव केळीच्या बागेतच.

त्याचं कारण असं. शेजारच्यांच्या मोटरला ऑटो आहे ना, लाईट आली की आपोआप सुरू होणारा? शरीरालाही तसाच एक ऑटो असतो. ठोके, बीपी, घाम, लघवी, सगळं आपण न सांगता तो सांभाळतो. गाढ झोपेत ठोके मंद करतो, स्वप्नं पडतात तेव्हा ते वरखाली होतात, पहाटे उठायच्या वेळी बीपी चढवतो. त्याच्या काही तारा मेंदूच्या आतल्या एका घडीतून जातात, तिला इन्सुला म्हणतात. तुमचा अर्धांगवायूचा झटका मेंदूच्या उजव्या बाजूला तिथेच बसला. डावा हात-पाय लुळा पडला तो आपल्याला दिसला, पण हा बिघाड आत होता.

खरं तर आईला तो आधीच दिसला होता. "बनियन डाव्याच बाजूला का भिजतं गं?" असं तू विचारलंस आणि मी हसण्यावारी नेलं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. लुळ्या बाजूला जास्त घाम येणं हे त्याच बिघाडाचं लक्षण असतं म्हणाले.

आता घोरणं. घोरता घोरता मध्येच आवाज बंद होतो आणि मग आप्पा दचकल्यासारखा श्वास घेतात, तेव्हा रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि दर वेळी बीपी उसळी मारतं. झटक्यानंतर हा त्रास खूप जणांना असतो. झोपेची तपासणी करायचीच. तोवर आप्पांना उताणं झोपू देऊ नकोस, पाठीशी गोधडीची वळकटी ठेव. झोपताना हवा देणारा मास्क लावायला सांगितला तर आप्पा भांडतील. भांडू देत.

आणि मोटर. रात्रपाळीची लाईट आली की तुम्ही अंधारात ताडकन उठून चालू लागता. उभं राहिल्यावर बीपी सांभाळायचं कामही त्याच ऑटोचं, आणि ते तीन मिनिटांत २० ने जरी पडलं तरी डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. मागच्या महिन्यात ओट्यावर पडलात ते "पाय सटकला" म्हणून नव्हे. आधी खाटेच्या कडेला बसायचं, पाय खाली सोडायचे, जरा थांबायचं आणि मग उठायचं. लघवीला जातानाही तसंच. उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलात तर हे आणखी वाढतं. बीपीची गोळी मात्र सकाळची रात्री किंवा रात्रीची सकाळी, असं मनाने करायचं नाही.

एक गोष्ट मला अजून खाते. त्या पहाटे हात जड होता आणि आपण तिघं "अवघडला असेल" म्हणत चहा पीत बसलो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि माणूस झोपेतून तसाच उठला तर वेळ तो शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणून आई, आप्पा झोपताना घड्याळ बघून ठेव. रात्री लघवीला उठून नीट बोलले तर तीही वेळ लक्षात ठेव. तोंड वाकडं, बोलणं अडखळतंय, हात पडतोय, यातलं काहीही दिसलं तर चहा ठेवायचा नाही. १०८ ला फोन करायचा.

आखाजीला येतेय. "ऑटोने मोटर जळते" हे तुमचं म्हणणं मी ऐकून घेतलंय, तरी वायरमनला पैसे पाठवलेत. बसवला की नाही ते आईने कळवायचं, आप्पांनी नाही.

तुमची,
ताई