तळघराच्या नकाशात झाडेही दाखवा

प्रति,
संपादक,
स. न.

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी पन्नास वर्षांची आहे. चार मजल्यांच्या तीन इमारती आणि मधल्या आवारात एक फणस, दोन नारळ, बकुळ आणि पारिजातक. श्रावणात पहाटे पारिजातकाखाली जुनी चादर अंथरलेली असते आणि ज्याला फुले हवीत तो ओंजळभर घेऊन जातो. गेल्या महिन्यात आमच्याकडे पुनर्विकासाचे सादरीकरण झाले. पडद्यावर पोडियम, म्हणजे आवारभर पसरलेला उंच स्लॅब, त्यावर हिरवळ, बाकडी, डेरेदार झाडे. सगळे हरखून बघत होते. मी विचारले, आत्ताची झाडे यात कुठे आहेत? तेव्हा तळघराचा नकाशा उघडला गेला. कुंपणाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तळघर, आणि फणसाच्या जागी गाडी क्रमांक 41 आणि 42.

मला मोठे घर नको आहे असे नाही. लिफ्ट तर हवीच, माझे गुडघे गेले आहेत. पण पोडियमवरच्या बागेला जमिनीवरच्या बागेची भरपाई म्हणतात, ते मला पटत नाही. भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरला दीड ते दोन टन भरते. ते सारे स्लॅबने पेलायचे, म्हणून माती जेमतेम घालतात. ठाण्याला माझ्या नणंदेच्या संकुलात पोडियमवर बहावा लावला होता. आठ वर्षांत तो पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंतही पोहोचला नाही आणि गेल्या पावसाळ्यात वाऱ्याने आडवा झाला. उलटलेली मुळे मी स्वतः पाहिली. खाली जायला वाटच नव्हती, म्हणून ती परातीसारखी सपाट पसरलेली, आणि त्यांच्या तळाशी वॉटरप्रूफिंगचा काळा तुकडा चिकटून आलेला. पोडियमवर पडलेले पावसाचे पाणीही पाइपातून थेट गटारात जाते, जमिनीत मुरत नाही.

हे फक्त माझे म्हणणे नाही. मुंबईतल्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये स्पष्ट केले होते की, तेव्हाच्या नियमावलीप्रमाणे भूखंडाच्या आकारानुसार जी 15 ते 25 टक्के करमणुकीची मोकळी जागा सोडायची, ती जमिनीवरच हवी. पोडियमवर बाग करायची तर ती या जागेच्या जोडीला, जास्तीची करावी. त्यानंतर नवी नियमावली आली, पण माती आणि मुळे यांचे नाते काही बदललेले नाही.

‘जागाच नाही हो’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले आहे की मुद्दाम नवी मुंबईत बेलापूरला जाऊन आर्टिस्ट व्हिलेज पाहून आले. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी 1980च्या दशकात ही वसाहत आखली, सुमारे साडेपाच हेक्टरांत साडेपाचशे कुटुंबांसाठी. म्हणजे हेक्टरी शंभर घरे, तीही बैठी किंवा एकमजली, आणि प्रत्येकाला स्वतःचे उघडे अंगण. सात घरांच्या मध्ये आठ मीटर लांब-रुंद चौक, असे तीन गट मिळून बारा मीटरचा मोठा चौक. ही मोकळी जागा कोरियांनी आधी धरली आणि घरे तिच्याभोवती बसवली. आज तिथली बरीच घरे पाडून लोकांनी मजले चढवले आहेत, काही तर ओळखू येत नाहीत. चौक मात्र आहेत. एका चौकात आंब्याच्या सावलीत दोन बायका पापड वाळत घालत होत्या आणि तिसरीची खुर्ची झाडाच्या बुंध्याला टेकलेली होती. कुणाचे आवार कुठे संपते ते मला कळले नाही.

मुंबईत बैठी घरे आता परवडणार नाहीत, हे मला समजते. पण उंच इमारतीतही बाग घराचा भाग होऊ शकते, हे कोरियांनीच पेडर रोडच्या 28 मजली कांचनजंगा इमारतीत 1983 साली दाखवले. जुन्या बंगल्यांचे व्हरांडे जसे ऊन-पाऊस अंगावर घेऊन आतल्या खोल्या राखत, तशा तिथे कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या गच्च्या आहेत. ती श्रीमंतांची इमारत आहे, पण गच्चीमागचा विचार काही महाग नाही. आज अशा गच्चीऐवजी आपण तीन फुटी बाल्कनी देतो आणि ताबा मिळताच लोक ती काच लावून खोलीत घेतात.

आमच्यासारख्या सोसायट्यांच्या सभांमध्ये घराचे कार्पेट क्षेत्रफळ किती, भाडे किती, बिल्डरकडून कॉर्पस निधी किती याच्यावर रात्री बारापर्यंत वाद होतात. ते प्रश्न महत्त्वाचेच आहेत. पण तळघराचा नकाशा बहुतेक सभासद पाहतच नाहीत, आणि झाडांचे मरण तिथेच ठरलेले असते. ‘झाडे दुसरीकडे लावू’ या आश्वासनावर मी विसंबणार नाही. पन्नास वर्षांच्या फणसाच्या फांद्या आणि मुळे छाटून तो उचलून नेला, तर तो जगेल याची हमी कोण देतो? त्यापेक्षा आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी प्रत्येक झाड बुंध्याच्या घेरासह नकाशावर यावे. तळघर शक्यतो इमारतीच्या पायाखालीच ठेवावे, लागलेच तर एक मजला खोल न्यावे किंवा गाड्या एकावर एक ठेवाव्यात. अग्निशमनाच्या गाडीचा रस्ता सोडून उरलेल्या आवारात एक तरी सलग तुकडा असा असावा की ज्याच्याखाली काहीही बांधलेले नसेल आणि ज्याच्यावर पेव्हर ब्लॉक नसतील. महापालिकेने मंजुरीच्या अर्जातच हा तुकडा वेगळ्या रंगात दाखवायला लावला, तर सभासदांनाही तो दिसेल.

पुढच्या महिन्यात आमची विशेष सर्वसाधारण सभा आहे. फणसाच्या बुंध्यापासून तळघराची भिंत निदान पाच मीटर दूर हवी, असा ठराव मी लेखी दिला आहे. त्यावर आतापर्यंत अकरा सभासदांच्या सह्या झाल्या आहेत.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई