‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ हा इलाज नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुने संगणक विंडोज ११ वर नेले जात आहेत आणि त्यापाठोपाठ एक तक्रार ठरलेली येते: कालपर्यंत दुसऱ्या खोलीतून उघडणारा फोल्डर आज पासवर्ड मागतो आणि दिलेला पासवर्ड घेत नाही. सोलापुरात ही तक्रार निव्वळ घरगुती राहत नाही. पूर्व भागात खाली माग किंवा गणवेशाची शिलाई आणि वर बिऱ्हाड अशी घरे पुष्कळ. जिन्याजवळच्या टेबलावर हिशेबाचा संगणक, वर चादरीच्या डिझाइनचा, शेजारी मुलांचा लॅपटॉप, आणि या सगळ्यांना मिळून एकच वायफाय. फोल्डर उघडला नाही तर बिल थांबते.

यावर सर्रास होणारा इलाज असा: फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ द्यायचा, पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करायचे, तरी जमले नाही तर फायरवॉल बंद करायची, आणि शेवटचा उपाय म्हणून एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत, सुरू करायचे. चौथ्या पायरीपर्यंत काहीतरी चालू होते आणि दुरुस्ती झाली असे मानले जाते. नेमके बिघडले काय होते, हे कोणालाच कळलेले नसते.

दुसऱ्या संगणकावरचा फोल्डर उघडताना चार वेगवेगळे अडसर ओलांडावे लागतात. त्या यंत्रापर्यंत रस्ता हवा. यंत्राला तुमची ओळख पटायला हवी. शेअरची, म्हणजे नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरची, परवानगी हवी. आणि डिस्कवरच्या फाइलची, म्हणजे एनटीएफएस या विंडोजच्या फाइलव्यवस्थेची, परवानगी हवी. शेवटची दोन म्हणजे वाड्याची दिंडी आणि आतल्या खोलीची कडी. दिंडी सताड उघडी असली तरी खोलीला कडी असेल तर आत जाता येत नाही, आणि उलटही तेच. नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोन्हींपैकी जी परवानगी कमी असेल तीच मिळते.

अडसर कोणता, हे पडद्यावरचा संदेश बहुतेक वेळा सांगतो. तो वाचायचा एवढेच. ‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’ किंवा ८००७००३५ ने संपणारा कोड आला, तर तो परवानगीचा प्रश्नच नाही, रस्त्याचा आहे. नाव आणि पासवर्डची चौकट पुन्हा पुन्हा येते, तेव्हा ओळख पटलेली नाही. फोल्डर दिसतो पण ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणतो, किंवा फाइल उघडते आणि सेव्ह होत नाही, तेव्हाच परवानग्यांकडे वळावे. पासवर्डच्या चौकटीवर ‘एव्हरीवन’चा उतारा देणे म्हणजे पोटदुखीवर डोळ्यांचे थेंब.

रस्त्याचे आधी पाहू. फायबरवाल्याने बसवलेल्या राउटरमागे सिग्नल पुरत नाही म्हणून दुसरा राउटर लावलेला असतो, आणि त्याच्या वॅन (बाहेरून इंटरनेट येण्याच्या) तोंडात केबल खोचलेली असते. मग खालच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१० आणि वरच्याचा १९२.१६८.०.५, म्हणजे एकाच घरात दोन वेगळी जाळी. इंटरनेट दोन्हीकडे चालते, त्यामुळे शंका येत नाही. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे पहिल्याचेच जाळे वायफायने पुढे नेण्यावर, टाकावा. तो मोड नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या रांगेतला पण मोकळा असा ठेवून डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणे) बंद करावे आणि केबल वॅनऐवजी लॅनच्या तोंडात लावावी. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर जोडलेल्या लॅपटॉपलाही घरातली इतर यंत्रे दिसत नाहीत. ते वायफाय त्याचसाठी असते. राउटरमध्ये एपी आयसोलेशन (वायफायवरच्या यंत्रांना एकमेकांपासून वेगळे ठेवणे) चालू असेल तरी हाच परिणाम.

पत्ते एका रांगेत असूनही रस्ता मिळत नसेल, तर फोल्डर ज्या यंत्रावर आहे तिथे सेटिंग्जमधल्या नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये चालू जोडणी ‘पब्लिक’ आहे का ते पाहावे. घरच्या जाळ्याला ती ‘प्रायव्हेट’ हवी. त्याच पानावरून ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, पुढे ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज, आणि तिथे प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी व फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करावे. एवढ्याने फायरवॉल आवश्यक तेवढी वाट स्वतःच मोकळी करते. ती अख्खी बंद करायचे कारण उरत नाही. नुसत्या पिंगवर (यंत्र हाकेला ओ देते का हे पाहणाऱ्या आज्ञेवर) निकाल देऊ नये, कारण पिंगला उत्तर न देणारे यंत्रही फाइल देऊ शकते. फाइलींची वाहतूक पोर्ट ४४५ वरून होते, आणि पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा लिहिण्याच्या खिडकीतली टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा पत्ता व पोर्ट देऊन चालवली की ते उघडे आहे का हे सरळ कळते. डाव्या बाजूच्या ‘नेटवर्क’ यादीत संगणक न दिसणे हा तर बिघाडच नव्हे. फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे पत्ता लिहून पाहावे. उघडले तर रस्ता ठीक आहे.

खरे घोडे पेंड खाते ते दुसऱ्या अडसराशी, ओळखीपाशी. ‘एव्हरीवन’ या शब्दाने इथे भल्याभल्यांना चकवले आहे. त्याचा अर्थ वाटेवरचा कोणीही असा नाही. आधी यंत्राने तुम्हाला ओळखायचे, मग परवानग्यांची यादी उघडायची, असा क्रम आहे. ओळखच पटली नाही तर यादीत ‘एव्हरीवन’ लिहिलेले कोणी वाचतही नाही. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद केले की अनोळखी माणसाला ‘गेस्ट’ म्हणून आत घेतले जाई, म्हणून तो इलाज वर्षानुवर्षे चालला. विंडोज ११ च्या २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून मात्र विंडोजच्या प्रो प्रकारात दुसऱ्या यंत्रावर गेस्ट म्हणून जाणे मुळातच बंद आहे, आणि एसएमबीच्या प्रत्येक निरोपावर सही सक्तीची झाली आहे. ही सही पासवर्डातून तयार होणाऱ्या किल्लीने होते. गेस्टकडे पासवर्डच नाही, तर सही कुठून करणार? यजमान, म्हणजे फोल्डर असलेले, यंत्र ‘या’ म्हणते आणि तुमचेच यंत्र जायला नकार देते. मग यजमानावर कितीही खटपट करा, व्यर्थ. अशा वेळी येणारा संदेश ‘युअर ऑर्गनायझेशन’च्या धोरणाबद्दल बोलतो, घरात कसली आली ऑर्गनायझेशन, म्हणून लोक तो वाचून सोडून देतात.

ओळखीचे आणखी तीन सापळे आहेत. पहिला, पिन. संगणक उघडताना टाकतो तो चार-सहा आकडी पिन फक्त त्याच यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून तो कधीच चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर ईमेल आणि त्या खात्याचा खरा पासवर्ड लागतो, जो घरात बहुधा कोणाच्या लक्षात नसतो. दुसरा, रिकामा पासवर्ड. ‘घरचाच तर संगणक’ म्हणून पासवर्ड न ठेवलेले खाते विंडोज समोर बसूनच वापरू देते, नेटवर्कवरून नाही. तिसरा, जुनी आठवण. एकदा चुकीचा पासवर्ड ‘रिमेंबर’ केला की यंत्र तोच परत परत देत राहते. कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर, त्यात विंडोज क्रेडेन्शियल्स, आणि तिथली त्या संगणकाच्या नावाची नोंद काढून टाकावी, मग लॉगआउट करून पुन्हा यावे. ‘मल्टिपल कनेक्शन्स’चा १२१९ क्रमांकाचा संदेश आला, तर एकाच यंत्राशी दोन वेगळ्या नावांनी बोलणे चालू आहे, आधीची जोडणी तोडावी.

या सगळ्यावर एकच सरळ उपाय आहे, आणि त्याला दहा मिनिटे लागतात. फोल्डर असलेल्या यंत्रावर फक्त शेअरिंगसाठी एक स्थानिक खाते काढावे. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूझर्स, ॲड अकाउंट; तिथे ‘या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही’ या अर्थाचा पर्याय, आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट खात्याविना यूझर जोडण्याचा. नाव छोटे ठेवावे, उदाहरणार्थ ‘हिशेब’, रोमन अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता. पासवर्ड बारा अक्षरांपेक्षा कमी नको. खाते साधेच राहू द्यावे, ॲडमिनिस्ट्रेटर करू नये. दुसऱ्या संगणकावरून जाताना नावाच्या जागी यजमान संगणकाचे नाव, एक उलटी तिरकी रेघ आणि मग खात्याचे नाव लिहावे, म्हणजे कोणत्या यंत्रावरचे ‘हिशेब’ याचा घोळ उरत नाही.

आता परवानग्या. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग, परमिशन्स. इथे नव्या शेअरवर मुळात ‘एव्हरीवन – रीड’ एवढेच असते. फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, त्याचे पहिले कारण हे. ‘एव्हरीवन’ काढून ‘हिशेब’ जोडावे आणि ‘चेंज’ला खूण करावी. मग शेजारच्या सिक्युरिटी टॅबमध्ये त्याच खात्याला ‘मॉडिफाय’ द्यावे. लिहिणे, बदलणे, पुसणे एवढ्यात होते. ‘फुल कंट्रोल’मध्ये जास्तीचे काय मिळते, तर परवानग्या बदलण्याचा आणि मालकी घेण्याचा हक्क. तो मुलांच्या लॅपटॉपला कशाला?

डी ड्राइव्हवरचा फोल्डर लगेच चालतो आणि डेस्कटॉपवरचा चालत नाही, याचे कोडेही इथेच सुटते. विंडोजमध्ये फॉरमॅट केलेल्या डी ड्राइव्हवर ओळख पटलेल्या प्रत्येक खात्याला बदलाची मुभा आधीपासून असते. डेस्कटॉप मात्र त्या एका व्यक्तीचा खासगी कोपरा. तिथे दुसऱ्या साध्या खात्याला शिरकाव नाही. सामायिक फोल्डर डेस्कटॉपवर ठेवूच नये, आणि अख्खा ड्राइव्हही शेअर करू नये.

कधी फोल्डरमधल्या शंभर फाइली उघडतात आणि चारच उघडत नाहीत. त्या चार फाइली बहुधा त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमधून ‘कट’ करून आणलेल्या असतात. एकाच ड्राइव्हवर हलवलेली फाइल जुन्या जागेच्या परवानग्या सोबत घेऊन येते, कॉपी केलेली नव्या फोल्डरच्या घेते. सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड येथे खाली ‘रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज’ने सुरू होणारी खूण आहे, ती करून ॲप्लाय केले की आतल्या सगळ्यांना फोल्डरचा नियम लागू होतो. ही खूण सामायिक फोल्डरवरच करावी. सी ड्राइव्हच्या मुळावर ती चुकूनही करू नये, विंडोज मोडून पडते.

बंद पडलेल्या संगणकाची हार्ड डिस्क काढून नव्याला लावली, तर सिक्युरिटीत नावाऐवजी ‘अकाउंट अननोन’ आणि लांबलचक आकडे दिसतात. तो जुन्या विंडोजमधला, आता अस्तित्वात नसलेला माणूस. ॲडव्हान्स्डमध्ये ओनर बदलून आपले खाते द्यावे, आतल्या फोल्डरांनाही तेच लागू करण्याची खूण करावी, मग परवानगी द्यावी. आणि सिक्युरिटी टॅबच नसेल तर घाबरू नये: ती यूएसबी डिस्क एक्सफॅट किंवा फॅट ३२ ची आहे. तिथे खोलीला कडीच नसते, दिंडीवरच सांभाळावे लागते.

यूएसबी डिस्कचे एक वेगळेच दुखणे. शेअर हा ड्राइव्हच्या अक्षराला बांधलेला असतो. आज ई, वीज जाऊन आल्यावर एफ झाला की शेअर गायब. डिस्क मॅनेजमेंटमधून तिला एस किंवा टी असे मागचे अक्षर कायमचे द्यावे. संगणक सुरू होताना डिस्क जागी झाली नसेल तरी शेअर उभा राहत नाही. सर्व्हिसेसमध्ये ‘सर्व्हर’ ही सेवा रीस्टार्ट केली की येतो. वीज गेल्यावर संगणकाचा पत्ताही बदलू शकतो, म्हणून राउटरमध्ये यजमान यंत्राला ॲड्रेस रिझर्व्हेशन करून ठेवावे. स्लीप बंद करावे, ते सांगायला नकोच.

एसएमबी १ बद्दल मात्र खडसावून लिहावेसे वाटते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच जुन्या पद्धतीतल्या छिद्रातून एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत होता. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी बसवली नाही ते सापडले. विंडोजने त्याच वर्षापासून नव्या प्रतींत एसएमबी १ आपोआप बसवणे थांबवायला सुरुवात केली. अडचण खरी आहे: मागासारख्या यंत्रावर डिझाइन पाठवणारा एखादा जुन्या विंडोज एक्सपीचा संगणक अजून चालू असतो, आणि एक्सपीला दुसरी भाषा येत नाही. पण त्या एकासाठी हिशेबाच्या संगणकाला जुनी भाषा शिकवू नये. एक्सपीचे यंत्र जाळ्याबाहेर ठेवून डिझाइन पेनड्राइव्हने न्यावे. दिवसातून दोन खेपा पडतील, पडू द्या. राउटरला लावलेली डिस्क किंवा जुना स्टोरेज डबा उघडत नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ आहे का ते पाहावे, त्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करावे, आणि तिथेही नाव-पासवर्ड ठेवावा. त्यानेही जमले नाही तर डिस्क संगणकाला लावावी.

ज्यांच्याकडे वर सांगितलेला इलाज आधीच होऊन गेला आहे, त्यांनी तीन ठिकाणी नजर टाकावी. ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये ‘ऑल नेटवर्क्स’खाली पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालू हवे. विंडोज सिक्युरिटीत फायरवॉल तिन्ही ठिकाणी (डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक) चालू हवी. आणि ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’च्या यादीत एसएमबी १.० च्या पुढची खूण काढलेली हवी. ही खूण काढल्यावर संगणक एकदा रीस्टार्ट करावा लागतो, म्हणून हे काम दुकान बंद झाल्यावर करावे.

कळावे,
आपले,
संगणक जाळ्यांची दुरुस्ती करणारे काही तंत्रज्ञ, सोलापूर