आधी पर्जन्यमापक सांभाळा

महोदय,

अतिवृष्टी झाली की ‘हवामान बदलामुळेच’ असे लगेच म्हटले जाते. हे तपासण्याची रीत आहे. तेवढा पाऊस आज किती वर्षांतून एकदा पडतो आणि तापमानवाढीपूर्वी किती वर्षांनी पडला असता, याची तुलना जुन्या नोंदी व संगणकीय प्रारूपांवरून करतात. हवा एक अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते, हा त्यामागचा आधार.

पण घोडे अडते ते नोंदींपाशी. २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच मुंबईत कुलाब्याला ७५ सुद्धा नाही! विरळ पर्जन्यमापक असा पाऊस हुकवणारच. शिवाय पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे रात्रभर कोसळून सकाळी दहाला थांबलेला पाऊस दोन दिवसांच्या खात्यांत विभागला जातो. नरसाळ्यात पाला अडकला, यंत्राची जागा हलली किंवा शेजारी इमारत उठली, तर अनेक वर्षांची मालिका बिघडते.

महसूल मंडळांतील स्वयंचलित हवामान केंद्रे मृगाआधी साफ करून, मोजलेले पाणी ओतून तपासावीत. जागा बदलल्यास तारीख नोंदवावी. आणि तासागणिक आकडे अभ्यासकांना खुले करावेत.

– हवामान नोंदींचे अभ्यासक, पुणे