विमानप्रवासाचा वेळ नुसत्या भागाकाराने काढू नये

संपादक महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीतील तक्त्यात मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर दिले आहे आणि ते बरोबर आहे. परंतु त्यापुढे छापलेले ‘१४ तास’ हे त्या अंतराला विमानाच्या ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागून काढलेले दिसतात. जाताना या प्रवासाला प्रत्यक्षात सुमारे १६ तास लागतात.

मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक आहे. वर्गात पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरला, की तो मध्य आशियावरून वर चढत आइसलँड आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून उतरतो, हे पाहून मुले चकित होत. कारण भिंतीवरच्या नकाशात तीच रेघ अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को अशी जाते. तक्त्यातले अंतर या दोऱ्याचे असते. विमान मात्र वारा, हवामान आणि खुले असलेले आकाश पाहून वाट धरते. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद झाल्याने अनेक मार्गांवर वळसा वाढला, तो या आकड्यात कुठेच दिसत नाही. शिवाय ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, ज्यांना जेट प्रवाह म्हणतात, ते जाताना समोरून आणि येताना पाठीमागून लागतात. म्हणून अंतर तेच असूनही परतीचा प्रवास तास-दीड तासाने, कधी त्याहूनही अधिक लवकर संपतो.

हा हिशेब कोणाच्या तरी औषधाशी बांधलेला असतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. गेल्या वर्षी माझी पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी एकटीच न्यूयॉर्कला गेली. तिला मधुमेह आहे. इन्सुलिनच्या आणि जेवणाच्या वेळा तिने दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर १४ तास धरून लिहिल्या होत्या. नाशिकहून दुपारी चारला गाडीने निघून, कसारा घाट उतरून ती मुंबईला पोहोचली. विमान रात्री दीडला सुटले आणि तिकडे उतरले तेव्हा घर सोडून साडेपंचवीस तास झाले होते. तिकिटावर मात्र उतरण्याची वेळ त्याच दिवशी सकाळी आठची होती, कारण दोन्ही वेळा आपापल्या गावच्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. त्या कागदावर नसलेले शेवटचे दोन तास तिने कसे काढले, हे तिने मला महिनाभराने सांगितले.

तेव्हा विनंती अशी, की तक्त्यात अंतराबरोबर जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेळापत्रकावरून घेऊन वेगवेगळा द्यावा, दोन्ही शहरांच्या घड्याळांतील फरक लिहावा, आणि नाशिक आवृत्तीत तरी मुंबई विमानतळापर्यंतच्या रस्त्याचे चार-पाच तास त्यात धरावेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, नाशिकरोड